सुताराला सांगितलेलं स्टूल

सोमवार, ता. १२
दुपार, स्वयंपाकघर

बारक्या,

आशीर्वाद लिहायचा म्हणून लिहिते आहे, मनात काय आहे ते पुढे येईलच. आम्ही सगळे काल सुखरूप घरी पोचलो. तुझ्या दाजींची पाठ धरली आहे, तुझ्या भाचीचं नाक उन्हाने सोललंय, आई बरी आहे. तू कसा आहेस ते विचारत नाही. समोर उभं राहून कळलं नाही ते पत्रातून काय कळणार?

सहल कशी झाली म्हणशील तर, नुसता वैताग. वर्षातून एकदा मिळणारी सुटी. दाजींना समुद्रावर जायचं होतं. पण तू त्या पर्यटकांसाठी उभारलेल्या जुन्या गावात सुतार म्हणून लागल्याचं आईच्या कानावर आलं कुठून तरी, आणि तिने हट्टच धरला. "मला ते गाव बघायचंय," एवढंच. तुझं नाव काढलं नाही.

फाटकावर आमचे मोबाइल पिशवीत घालून घेतले. आत दीडशे वर्षांपूर्वीचं गाव. मातीचा रस्ता, लोहार, बेकरी, शाळा, आणि जुन्या कपड्यांतली पगारी माणसं, आजच्या जगाचं काही ठाऊकच नसल्यासारखी. मी एका बाईला बाथरूम कुठे विचारलं, तिने मला विहीर दाखवली. दाजी पाणी मागायला गेले, तर दुकानदार त्यांची प्लास्टिकची बाटली दाबून बघत "ही काच इतकी मऊ कशी?" म्हणत बसला. भाची हसून हसून लोळत होती. मला काडीचं हसू येत नव्हतं. मी दुकानांवरच्या पाट्या वाचत तुला शोधत होते.

आम्ही आत शिरलो तेव्हा तू रंधा मारत होतास. वर बघितलंस. ओळखलंस, कारण रंधा अडकला. आणि मग म्हणालास, "या बाई. कुठल्या गावाहून आलात? रस्ता बरा होता ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांशी तुझं वाजलं ते वाजलं. ते गेले तेव्हा एक रात्र येऊन गेलास, त्यानंतर सहा वर्षं तोंड दाखवलं नाहीस, आणि सख्ख्या आईला "बाई"? मी बोलणार तेवढ्यात भाचीने माझा हात दाबला. "आई, त्यांना सोंग मोडता येत नाही. दारावर पाटी आहे." पाटी मीही वाचली होती.

आई मात्र शांत. "रस्ता लांब होता," म्हणाली, "पण आलो एकदाचे." आणि तिथल्या ओंडक्यावर बसली, रोजची बैठक असल्यासारखी.

मला ते बघवेना. मी बाहेर बाकावर जाऊन बसले. खिडकी उघडी होती, सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं.

घरी कोण असतं, असं तिने विचारलं. तू म्हणालास, कुणी नाही, आई मी लहान असतानाच वारली. तुझ्या सोंगात तसं लिहून दिलं असेल, कबूल. पण तिच्यासमोर तुझी जीभ रेटली कशी रे? आई "अरेरे," म्हणाली. "मग जेवणाचं काय करता?"

"करतो काहीतरी."

"काहीतरी करू नका. वेळेवर जेवत जा. खांद्याची हाडं दिसतात तुमची."

मग तिने स्टूल सांगितलं. बुटकं, भाजी निवडायला. खुर्ची उंच पडते आणि जमीन फार खोल गेली आहे आता, असं म्हणाली. तू खाली बसून दोरीने तिच्या गुडघ्याचं माप घेतलंस, आणि घेतच राहिलास. एवढ्याशा मापाला इतका वेळ लागतो होय?

"बरोबर कोण आलंय?" तू विचारलंस.

"थोरली. बाहेर फुरंगटून बसलीय. जिभेला हाड नाही तिच्या. पण तिच्याशिवाय माझं पान हलत नाही. तिला सांगू नका."

याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही.

"मला पुन्हा एवढा रस्ता व्हायचा नाही," ती म्हणाली. "तुम्हीच आणून द्याल घरी?"

आणि तू म्हणालास, "बरं. देतो आणून."

इथवरचं मी पोटात घातलं असतं. पण गाव बंद झाल्यावर आम्ही मागच्या फाटकाशी थांबलो. लोहार स्कूटरवर बसून गेला. विहीरवाली बाई मोबाइलवर कुणाला तरी झापत बाहेर आली. तू नाहीस. तिला विचारलं, तर म्हणाली, सुतार दुसऱ्या दाराने मघाशीच गेला. तिथे कुठली पाटी होती रे? दाजी दिवसभर मूग गिळून होते, ते म्हणाले, "चला, बस चुकेल." आणि आई म्हणाली, "काम असेल त्याला. स्टूल करायला घेतलं असेल."

काल आल्या आल्या तिने फ्रिजशेजारचा कोपरा रिकामा करायला लावला. कांद्याची टोपली हलवली, ती आता माझ्या पायात येते. मी म्हटलं, अगं, ते नुसतं दाखवायचं काम असतं, तिथलं सामान बाहेर देत नाहीत. तर म्हणे, "बरं म्हणालाय तो."

आता तूच सांग, बरं कोण म्हणालं? दीडशे वर्षांपूर्वीचा सुतार, की तू?

मी रोज तिच्या गोळ्या, तिचं अंग चेपणं, तिचं सगळं करते, आणि मला ऐकायला मिळतं, "आमटीत मीठ कमी आहे." माझ्याबद्दलचा एक बरा शब्द मला परक्याच्या खिडकीतून ऐकावा लागला. बसमध्ये मी रडले. ऊन लागलं म्हणून सांगितलं दाजींना.

मला एकटीने होत नाही आता, बारक्या. एवढं एक वाक्य लिहायला इतकी पानं फिरले.

स्टूल पार्सलने पाठवू नकोस. पाठवलंस तर दारातूनच परत करीन, आई कितीही ओरडली तरी. माप विसरला असशील तर विचारू नकोस, येऊन पुन्हा घे.

आणि मुलगा म्हणून यायला जड जात असेल, तर सुतार म्हणून ये. दार मी उघडीन. कुठल्या गावाहून आलात, रस्ता बरा होता ना, एवढंच विचारीन, आणि पान वाढीन.

बाहेर बाकावर बसलेली,
थोरली