पहिल्या पानावरची आत्या

३ तारीख, मंगळवार

चि. चिमणीस अ. उ. आ.

अगं, तुझी आत्या गाजली! तुमच्याच वर्तमानपत्रात, पहिल्या पानावर, चांगली वीतभर. तोंडाला मास्क, उगारलेला हात आणि डोळे असे की माझी मीच दचकले. वर मथळा, 'रुग्ण वाऱ्यावर, परिचारिका रस्त्यावर'. आता खरं ऐक. संपाच्या दिवशी आम्ही सगळ्या नर्स फाटकाशी उभ्या होतो. तेवढ्यात एका आजोबांचं स्ट्रेचर आलं. त्यांना वाट द्या म्हणून मी हात वर करून ओरडत होते. फोटोत स्ट्रेचर औषधालाही नाही! जन्मभर लोकांच्या उशा सारख्या करणारी बाई एका सकाळीत राक्षसीण. काय करामत म्हणावी! राग यायच्या आधी मी तोंडात बोटंच घातली.

मला घरी बसवलंय आणि सोमवारी चौकशी आहे. साहेबांच्या टेबलावर तेच पान असणार. नोकरी जाते की काय, या काळजीने घास उतरत नाही. तो मथळेवाला कोण गं तुमच्याकडे? भेटला तर माझ्या वतीने त्याचा कान पिळ.

तुझी गाजलेली,
आत्या

६ तारीख, शुक्रवार

ती. आत्यास शि. सा. न.

कान माझाच पिळ. मथळा मी लिहिला, फोटोही मीच कापला. जागा उभी होती, स्ट्रेचर आडवं; मावेना म्हणून गेलं. आणि मास्कवरचे डोळे मी ओळखले नाहीत गं, माझ्या आत्याचे! यमक झकास जुळलं म्हणून संपादकांनी पाठ थोपटली आणि मी हुरळले. फार लाज वाटते.

काल अख्खा फोटो शोधून त्यांच्यापुढे ठेवला. ते म्हणाले, खुलासा आतल्या पानावर टाकू, तळाशी. मी म्हटलं, बदनामी दर्शनी दारात आणि माफी माळ्यावर, असं नाही चालायचं. मग माझी खुर्चीही दुसऱ्याला द्या. शेवटी पहिलं पान मिळालं, मथळा मात्र त्यांचा. उद्या बघ.

रागावलीस तरी पत्र टाकायचं सोडू नकोस.

तुझी,
चिमणी

११ तारीख, बुधवार

चि. चिमणीस अ. उ. आ.

पान पाहिलं. हात तोच, मास्क तोच, फक्त खाली स्ट्रेचर आलंय. मथळा, 'संपातही धावली देवदूत'. अगं, धावले कुठे? माझे गुडघे माहीत आहेत ना तुला? एका जागी उभी राहून ठणाणा करत होते! पण तोंड फिरवणारी शेजारीण फुलं घेऊन आली. मी थक्क.

सोमवारी चौकशीला गेले. काय बोलायचं ते घोकून ठेवलं होतं. साहेबांनी पानावर बोट ठेवलं, हसले आणि उद्यापासून कामावर या म्हणाले. एक प्रश्न नाही, माझ्या तोंडाकडे नीट पाहिलंही नाही. नोकरी वाचली, पोटभर जेवले, पण अंगावरचा काटा अजून जात नाही. अख्ख्या वॉर्डाला रात्री एकच नर्स असते म्हणून आम्ही संप केला, हे ना त्या पानावर होतं, ना या.

तुझ्यावर राग नाही गं, वेडे. खुर्ची पणाला लावलीस, ऊर भरून आला. पण एक विचारते. माझी भाची तिथे होती म्हणून मी निभावले. तुझ्या त्या पानावर रोज कुणी ना कुणी येतं. ज्यांचं तिथे कुणीच नाही, त्यांचं काय होत असेल?

जीव लावतेस, तसाच लावत राहा.

तुझी,
आत्या