इनासा डोंगर पायीच चढायचा

३ जानेवारी, फुजैरा (यूएई)
ठरलं. फेब्रुवारीत नागासाकी. आमच्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियांना तिथेच क्रुसावर दिलं. त्यांच्या फेस्टची मिस्सा तिथल्या चर्चमध्ये ऐकायची आणि संध्याकाळी इनासा डोंगर चढायचा. पायी. रोपवे आहे, पण संतांना भर थंडीत क्योतोहून चालवत आणलं, आम्ही काय पाळण्यात बसणार? दोन फॅमिली. लीडर अर्थात मी. डेन्झिल म्हणाला, "लॅन्सी, तू चाललास तर मीपण चालतो." शाळेपासूनचा मित्र. असा माणूस मिळत नाही.

९ जानेवारी
उद्यापासून प्रॅक्टिस. इनासा फक्त ३३३ मीटर. आपल्या इथल्या डोंगरांपुढे टेकाडच.

१० जानेवारी
प्रॅक्टिस रद्द. नवे बूट चावतात. डेन्झिल एकटाच चढून आला. मी खालून मार्गदर्शन केलं.

१७ जानेवारी
डेन्झिलने गाडी विकली! म्हणाला, तुझ्याशी जरा बोलायचंय. म्हटलं, बोलू नकोस, कळलं. चालायची सवय करतोयस. शाब्बास. मान हलवत घरी गेला. भारावला असावा.

२५ जानेवारी
डेन्झिलच्या बायकोने, मरिसाने, तिचा ओव्हन आमच्या ॲडेलिनला देऊन टाकला. साधं राहण्यावर मी परवा बोललो होतो, त्याचा इफेक्ट. ओव्हन पुसताना ॲडेलिन रडत होती. बायका इमोशनल.

५ फेब्रुवारी, नागासाकी
मिस्सा सुंदर.
दुपारी. डेन्झिलचा गुडघा दुखतो म्हणे. सगळ्यांबरोबर रोपवेने जाणार. दगाबाज! मी बुटांच्या नाड्या आवळल्या. एकटा निघालो.
थोड्या वेळाने. संत जास्त चालले, मान्य. पण त्यांच्या पायात हे बूट नव्हते. टॅक्सी.

६ फेब्रुवारी
काल लिहवलं नाही.
वर पोचलो तेव्हा खाली बंदरात दिवे लागत होते. बाकावर केक. वाटलं, माझ्यासाठी. भाषणाला उभासुद्धा राहिलो. केकवर डेन्झिल आणि मरिसाचं नाव, खाली कॅनडा. याच महिन्यात चाललेत. कायमचे. रिटायर झाल्यावर वसईत शेजारी शेजारी घरं बांधायची, हे आमचं बारावीत ठरलेलं.
माझी लेक सँड्रा म्हणाली, "पप्पा, सगळ्यांना माहीत होतं. इट्स देअर फेअरवेल ट्रिप." ॲडेलिनला नाताळापासून ठाऊक. माझी बायको!
डेन्झिल म्हणाला, "महिनाभर सांगायला बघतोय रे. तू बोलू दिलंस का?" त्याचे डोळे भरलेले. मी म्हटलं, खलास हबीबी, आता बोलूच नकोस. केकला हात लावला नाही. एक तुकडा सोडून.

२२ फेब्रुवारी, फुजैरा
ते गेले. ॲडेलिन आणि सँड्रा एअरपोर्टला गेल्या. मला ऑफिसचं काम होतं. शनिवार होता, तरी होतं.

२ मार्च
ठरलं. डेन्झिलचा फोन उचलायचा नाही. कितीही वाजू दे.

९ मार्च
अजून वाजलेला नाही. मोबाइल बिघडला असणार. ॲडेलिनला मिस्ड कॉल द्यायला सांगितलं.
वाजला.