आधी अंडं, मग पोळी

११ जानेवारी, रविवार
जुईचं वजन परत तेवढंच. कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, प्रोटीन वाढवा. साडेचार वर्षांची पोर, हात बघवत नाहीत. घरी आल्यावर सोनलला सांगून टाकलं, सकाळचं खाणं आता माझ्याकडे. आधी अंडं, मग पोळी. पोळी आधी दिली की अंड्याला तोंड लावत नाही. समोर बसून राहिलो. अर्धं घशात, अर्धं गालात. सो. म्हणाली, "अहो, गूळपोळी दिली की कशी पटकन खाते." म्हटलं, म्हणूनच अशी झालीये.
माझ्यासारखी व्हायला नको. काडी, आणि जेवलं की पेंगणारी. ऑफिसात मला मागून काय म्हणतात ते ठाऊक आहे.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. दिवसभर तिळगूळ. जुई सोसायटीभर उड्या मारत होती. साखरेचा माज, दुसरं काय. उद्यापासून परत अंडं.

१६ जानेवारी, शुक्रवार
शाळेतून बाईंचा फोन. "डबा खाल्ला की बाकावर डोकं टाकते. हाक मारली तरी बघत नाही. घरी उशिरापर्यंत जागते का?" डब्यात नुसतं पनीर होतं, मीच भरलेलं. लाज वाटली. म्हणजे जुईची वाटली. घरी आल्यावर बोललो तिला.
ती म्हणाली, "बाबा, अंडं खाल्लं की माझे पाय झोपतात."
म्हटलं, नाटकं नकोत.

१९ जानेवारी, सोमवार
हॉस्पिटल. काल लिहिता आलं नाही.
काल सकाळी तिघांनी मंडईत भाजी घेतली. पातेल्यांना कल्हई करायची होती म्हणून तसंच चालत कसबा पेठेत. जुईनं सकाळी अंडी आणि पनीर एवढंच खाल्लेलं. पोळी आल्यावर देतो म्हटलं होतं. गल्लीत खाली बसली. उठवलं. परत बसली. लोक बघायला लागले. मारली एक. गालावर.
दुकानाच्या पायरीवर एक आजोबा बसले होते. म्हणाले, "नवीन दिसताय. इथे मूल थकलं की उचलून घेतात."
तिला उचलायला वाकलो तर तिचे डोळे फिरलेले. हातपाय झटके देत होते. सो. किंचाळली. रिक्षा. रक्तातली साखर चौतीस, सत्तरच्या वर हवी म्हणे. सलाइनमधून साखर गेली तशी पोरीनं डोळे उघडले, आणि मला बघून मान फिरवली.
सिस्टरनं विचारलं, गालावर काय झालं? मी म्हटलं, पडली.
सो. माझ्याकडे बघत होती.

२२ जानेवारी, गुरुवार
हार्मोन्सच्या तज्ज्ञ डॉक्टरबाई आल्या. झटक्याच्या वेळचं रक्त तपासलंय. साखर तळाला, आणि इन्सुलिन तरीही चालूच. खरं तर तेव्हा बंदच व्हायला हवं होतं. अमोनियाही थोडा वाढलेला, त्यावरून त्यांना संशय आला.
"नेमकं काय खाल्लं होतं तिनं?"
"नेहमीचंच," मी म्हटलं.
"अंडी आणि पनीर," सो. म्हणाली. "नुसतं. बरेच दिवस."
बाईंनी कागदावर एक गोल काढून दाखवलं. स्वादुपिंडातली ही पेशी म्हणे थेट साखर मोजत नाही. आलेलं अन्न आत जाळून किती ऊर्जा निघाली, ते तिला कळतं. ऊर्जा वाढली की पोटॅशियमची दारं बंद होतात, मग कॅल्शियम आत शिरतं आणि इन्सुलिन बाहेर पडतं. जुईच्या पेशीत एक एन्झाइम आवरत नाही. प्रथिनातलं ल्युसीन आलं की ते भलतंच जोर धरतं. साखर वाढलेली नसते, पण पेशीला वाटतं भरपूर जेवण आलं. ती इन्सुलिन सोडते, आणि असलेली साखरही संपते.
म्हणजे मी रोज सकाळी समोर बसून...

२४ जानेवारी, शनिवार
त्यांच्या देखरेखीखाली चाचणी. हाताला सुई लावून तयारी ठेवली, मग प्रोटीनचं पेय दिलं. थोड्या वेळानं जुई गप्प झाली, घाम, ओठ पांढरे. साखर उतरली. लगेच भरली.
बाईंनी तिला विचारलं, असं व्हायचं तेव्हा तू कुणाला सांगायचीस का गं?
"बाबांना सांगितलं होतं."
खोलीत सगळे होते. मी खिडकीतून पार्किंग बघत राहिलो.

१ फेब्रुवारी, रविवार
घरी. गोळी सुरू केलीय, तिनं इन्सुलिन आवरतं. जेवणात आधी पोळी-भात, प्रथिनं बेतानं आणि कधीही एकटी नाहीत. माझ्या नियमाच्या बरोबर उलटं.
यवतमाळहून आई आली. नातीला जवळ घेऊन रडली. मग चहा पिताना, सो. समोरच असताना, "आमच्या घरात कोनाले असं नाही. हिच्या चुलतभावाले फिट येत होते ना?"
सो. कप घेऊन आत गेली. मी पेपर वाचत होतो. वाचत नव्हतो.

७ फेब्रुवारी, शनिवार
सो. जुईला घेऊन खाली बागेत गेली होती. आई स्वयंपाकघरात एकटीच बोलल्यासारखं म्हणाली, "तू बी असाच होता. वरण जास्त झालं का गळून जाये. तुह्या बापाले वाटे, कामाले टाळते. पट्ट्यानं मारे तुले. मंग तू गूळ खाऊनच ताटावर बसे. तवापासून बरा झाला."
मला गूळ आठवतो. पट्टाही. दोन्हींचा संबंध असेल असं कधी वाटलं नव्हतं. आजही ऑफिसात डबा उघडायच्या आधी गोड चहा लागतो. मी त्याला सवय समजत होतो.
सो. वर आली तेव्हा आई परत चुलतभावावर. मी काही बोललो नाही. का? उद्या सांगेन.

१४ फेब्रुवारी, शनिवार
जुईचा जनुकांचा रिपोर्ट आला. तेच आहे. बाई म्हणाल्या, हा बदल तिच्यातच नव्यानं झालेला असू शकतो, किंवा आईवडिलांपैकी एकाकडून आलेला. मोठ्यांमध्ये कधी इतका सौम्य असतो की कळतच नाही. दोघंही रक्त देऊन जा.
सो.नं लगेच बाही वर केली. मी म्हटलं, मीटिंग आहे, नंतर येतो. शनिवारी मीटिंग.
रिक्षात ती रडली. "माझ्याकडून आलं असेल तर?" मी हात धरून म्हटलं, "कुणाकडून का असेना."
किती समजूतदार वाटलं असेल तिला.

२२ फेब्रुवारी, रविवार
आई देवळात, सो. आणि जुई खाली. चहा न घेता चार अंडी उकडून खाल्ली. जुईच्या साखर मोजायच्या मशीनवर बोट टोचत बसलो. आधी काहीच नाही. मग घाम, छातीत धडधड, आकडे दोन दोन दिसायला लागले. साखरेचा डबा ओट्यावर, आणि मला खुर्चीतून उठवेना.
सो. पाणी न्यायला वर आली म्हणून वाचलो. तिनं साखरपाणी पाजलं, पाठ धरून ठेवली. मग टरफलं बघितली. मशीनचा आकडा बघितला.
"आईंना माहीत होतं?"
"हो."
"तुम्हाला?"
"दोन आठवडे झाले."
ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं कप विसळून पालथा घातला. "रोज माझ्या माणसांवर बोलणं ऐकत होते मी," म्हणाली, "आणि तुम्ही शेजारी बसलेले असायचात."
दुपारी जुईला घेऊन लोणी काळभोरला, माहेरी. गोळ्या, मशीन, सगळं आठवणीनं घेतलं. मला काहीच विचारलं नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार
रक्त देऊन आलो. डॉक्टरबाईंना अंड्यांचं सांगितलं. बाई चिडल्या. "एकट्यानं असले प्रयोग? झटका आला असता तर?" मग थोड्या वेळानं, "घाबरला होतात का?" म्हटलं, नाही. लाज वाटत होती.
जुईच्या गालाचंही सांगितलं. ती पडली नव्हती. त्यांनी लिहून घेतलं, वर बघितलं नाही.
घरी आईला म्हटलं, सोनलला फोन करून तू खरं सांग.
"मी काय सांगू, बापा? तुह्या बापानं तुले मारलं तवा मी कोनाले सांगतलं?"
दोघंही जेवलो नाही.

१ मार्च, रविवार
लोणी. न सांगता गेलो. सासरे अंगणात खाटेवर, सासूबाई दारात, सो. तांदूळ निवडत होती. उभ्यानंच बोललो. रिपोर्ट यायचा आहे, पण माझ्याकडूनच असणार. मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो. आणि पोरीला भर रस्त्यात मारलं होतं.
सासूबाई म्हणाल्या, "मारलं होतं?" त्यांना सो.नं तेवढं सांगितलं नव्हतं. माझी लाज तिनं माहेरातही राखली होती. हे मात्र सहन होईना.
सासरे खाटेवरून उठले. "आजार कुणाचा का असंना. त्यातलं आम्हाला काय कळत न्हाय. पर हात पुन्हा उचलायचा न्हाय."
"नाही."
जुई मशीन घेऊन आली. सिस्टरसारखं म्हणाली, "बोट द्या." दिलं. तिनं फार जोरात टोचलं. मी कळवळलो तशी दचकून मागे सरकली, दोन्ही गाल झाकून.
मी जागचा हललो नाही. बोट तसंच पुढे धरून बसलो. कोंबड्या फिरत होत्या. सो. तांदूळ निवडायचं थांबली होती.
मग जुईनं लांबूनच हात पुढे केला, थेंब पट्टीवर घेतला, आणि आकडा मला न सांगता आजोबांना दाखवायला पळाली.
सासरे म्हणाले, आता आलाय तर ऱ्हावा आज. सो. तांदूळ उचलून आत गेली, हो नाही की नको नाही. ओसरीवर बसून हे लिहितोय. आतून पोळ्यांचा वास येतोय. मला अजून कुणी जेवायला हाक मारलेली नाही.