बाईंचा सिनेमा आणि बेचाळीस नावं

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. (पाठीत उसण भरली आहे, तेव्हा खुर्चीतूनच मानून घे.) तुझा गुडघा काय म्हणतो? आतोबांचा खोकला थांबला का, की अजून शेजाऱ्यांना त्यावर घड्याळ लावता येतं?

इकडे मी एक पराक्रम केला. सातवीला ‘विशेषनाम’ शिकवायचं होतं. व्याख्या सांगितली की पोरं डोळे उघडे ठेवून झोपतात, हा एकोणीस वर्षांचा अनुभव. म्हणून ठरवलं, सिनेमातले प्रसंग दाखवायचे, आणि मग प्रत्येकाने आपलं नाव कुठून आलं ते घरी विचारून यायचं. पडदा म्हणून घरची चादर नेली. ती फुलाफुलांची निघाली, त्यामुळे पहिल्या प्रसंगातल्या दरोडेखोराच्या नाकावर शेवटपर्यंत गुलाब होता. तो घोड्यावरून आपलं नाव गरजतो आणि पुढे बसलेला बहिरा म्हातारा विचारतो, “कोण म्हणालास?” पोरांनी हे पाच वेळा लावायला लावलं. पाचव्यांदा माझ्या लक्षात आलं, की मी वायर भलतीकडे खोचली आहे आणि दरोडेखोर शाळेच्या सगळ्या भोंग्यांवरून गरजतो आहे. (शिपाईमामा टेबलाखाली गेले होते म्हणे. ते म्हणतात, पेन पडलं होतं.)

मुख्याध्यापक निघालेच. आम्ही त्यांना आपसात ‘करवत’ म्हणतो, यावरून काय ते समज. ते दारात आले तेव्हा दुसरा प्रसंग चालू होता. जत्रेत पोर हरवलेली आई माईकवाल्याकडे धावते. तो विचारतो, मुलाचं नाव? ती म्हणते, बाळ्या. खरं नाव सांगा, म्हटल्यावर तिला आठवतच नाही. लाडाच्या नावापुढे खऱ्याची कधी गरजच पडलेली नसते. मी नोकरी गेली असं धरून उभी. पण करवत मागच्या बाकावर जाऊन बसले, गुडघे कानापाशी घेऊन.

प्रसंग संपल्यावर तिथूनच म्हणाले, “माझं नाव आधी माझ्या भावाचं होतं. तो चार वर्षांचा होऊन गेला. मग मी झालो, तेच नाव मला दिलं. आई हाक मारायची तेव्हा मध्येच थबकायची. कुणाला बोलावते आहे, मला कधी कळलं नाही.”

एकाने विचारलं, “मग सर, तुम्ही ओ द्यायचात?”

“द्यायचो. दोघांच्या वतीने.”

सर उठले, “आवाज कमी ठेवा,” म्हणाले आणि गेले.

आत्या, दुसऱ्या दिवशी बेचाळीस पोरं काय काय घेऊन आली! एकीचं नाव, पुराच्या पाण्यातून चालत आलेल्या नर्सचं. एकाचं, दाखला लिहिणाऱ्या कारकुनाच्या चुकीचं. पण त्याच्या आजोबांना ती चूकच आवडली. मी थक्क होऊन ऐकत होते. इतकी वर्षं ही नावं मी एका दमात, बसचे थांबे पुकारल्यासारखी वाचत होते गं. आता हजेरीला अर्धा तास लागतो. एकेका नावाशी थांबावंसं वाटतं.

बाकी क्षेम.

तुझी भाची

ता. क. पहिल्या बाकावरच्या दोन वेण्यांनी (वर्गात तिला ‘वकीलसाहेब’ म्हणतात) विचारलं, “बाई, तुमचं नाव कुणी ठेवलं?” मी भारावलेली. सांगून टाकलं, की माझ्या आत्याने तीन दिवस शब्दकोश चाळला, शंभर नावं खोडली, आणि पहाटे हे एक सापडल्यावर ती रडली. आता वर्गाला तुला भेटायचंय. गुरुवारी अकराला ये. सरही बसणार आहेत.

ता. क. २. काल बाबांना विचारलं. ते म्हणतात, तू दवाखान्यात खाटेवर आडवी झालीस आणि छताच्या पंख्यावरचं कंपनीचं नाव वाचून तेच मला ठेवलंस. खरं असेल तर गुरुवारी रडण्याचं तेवढं बघ. आणि मला एकटीला सांग, पंखा निदान चालू तरी होता का? (चालू असता तर तुला वाचता आलं नसतं, असं वकीलसाहेबांचं म्हणणं पडेल. म्हणून आधीच विचारते.)