मामंजींच्या नावाची मेथी

॥ श्री नागनाथ प्रसन्न ॥

आखाडा बाळापूर
१२ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. पुनम हिस,
वहिनीचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

इकडे देवाच्या कृपेनं सगळे ठीक. मामंजींचा गुडघा थंडीनं कुरकुरतो, आत्याबाई रोज तेल लावून देतात आणि रोज नवऱ्याची बोलणी खातात. जावईबापूंची प्रेस कशी चालली आहे?

आज एकादशी. चुलीला सुटी म्हणून दुपार हाती आली आणि पत्राला बसले. फोन करता आला असता, पण आपल्या घरचा फोन म्हणजे चावडी. तुझे दादा तो मोठ्या आवाजावर ठेवतात आणि मामंजी समोर बाजेवर. भाऊबीजेला तू आलीस तेव्हाही याच कारणानं बोलायचं राहिलं.

विहिरीजवळच्या मोकळ्या तुकड्यात मी आणि राणी, आम्ही दोघी जावा दोन वर्षं भाजी करतो ते तुला ठाऊक आहे. मेथी, पालक, सांबार (तुमच्या शहरातली कोथिंबीर), वांगी, सगळं येतं. पण विकायची सोय नाही. हळदवाल्या घरच्या सुना टोपली घेऊन बाजारात बसल्या तर मोंढ्यात हळदीच्या व्यापाऱ्यांना तोंड कुठं दाखवू, असं मामंजींचं म्हणणं. मग उरलेली भाजी शेजारीपाजारी, आणि त्यातूनही उरलेली म्हशीपुढं. पुनम, म्हशीपुढं कोवळी मेथी टाकणं माझ्या जिवावर येतं. अन्न आहे ते.

आता हिंगोलीत स्टँडमागं काचेचं मोठं दुकान झालं आहे. तिथले मॅनेजर हरिचंद आमची भाजी एका फळीवर ठेवायला तयार आहेत, पण मोकळी नको म्हणतात. पिशवीत भरलेली, वर लेबल लावलेली पाहिजे. लेबलावर भाजीला एक नाव, वजन, पॅकिंगची तारीख आणि गाव. संक्रांतीपर्यंत बघणार. तोवर गिऱ्हाईक नाव घेऊन मागायला लागलं तर ती फळी कायमची आपली, नाही तर नांदेडच्या एका कंपनीला देणार.

मामंजींनी अजून होकार दिलेला नाही. दुकानात ठेवणं म्हणजे टोपली नव्हे, असं मी आत्याबाईंकरवी कानावर घातलं आहे.

तर लेबल तुमच्या प्रेसमधून करून पाठव. एकाच रंगात कर, उगीच खर्च नको, आणि थोडीच कर. मला अन्नपूर्णा हे नाव सुचलं होतं. पण बारशाला नाव आत्यानं ठेवायचं असतं आणि या घरची आत्या तू. तेव्हा नाव तूच ठेव, मान तुझा.

मुलांना गोड पापा. आमच्यावरची माया अशीच ओली राहू दे.

तुझी,
निता वहिनी

*

नांदेड
२१ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. वहिनींच्या सेवेशी,
पुनमचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आमच्याकडे म्हशीचा हेवा वाटला. आम्ही इथं मेथीची सुकलेली जुडी घासाघीस करून घेतो आणि आपल्या घरची म्हैस कोवळी खाते!

अन्नपूर्णा नको वहिनी. नांदेडात गल्लोगल्ली अन्नपूर्णा खानावळी आहेत. मी बारसं केलं आहे. कान इकडे करा, कुर्रर्र करून सांगते: संतराम ताजी भाजी.

कसं आहे? आबा दोन वर्षं नको म्हणत आहेत, ते घराचं नाव खाली येईल म्हणून ना? मग घराचं नावच वर चढवून टाकलं. स्वतःचं नाव छापलेलं बघून नको म्हणणारा माणूस मराठवाड्यात जन्मायचा आहे. आणि खरं सांगू का, माझ्या बापाचं नाव कुठं तरी छापून यावं अशी माझीही हौस होती. लग्नपत्रिकेत एकदा आलं, त्यावर हळदीचा डाग पडला.

एक रंग सांगितलात, मी दोन केले. थोडी सांगितलीत, पुष्कळ केली. मशीन एकदा लागलं की थोड्याला आणि पुष्कळाला सारखंच, असं घरचे म्हणाले. रागावू नका. एवढंच करा की पिशवी आधी कोरड्या फडक्यानं पुसा. ओल्यावर डिंक धरत नाही, नाव पालकावर आणि तारीख जमिनीवर अशी गत होईल. गठ्ठा एसटीच्या पार्सलनं पाठवते आहे, हे पत्र आतच ठेवलं आहे.

राणी वहिनींना नमस्कार. लेकीवर असते तशीच नजर या नणंदेवर असू द्यावी.

आपली,
पुनम

*

॥ श्री नागनाथ प्रसन्न ॥

आखाडा बाळापूर
९ डिसेंबर २०२४

चि. सौ. पुनम हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा डाव बराबर लागला. मामंजींनी लेबल हातात घेतलं, चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं. मग अक्षर जरा जाड पाहिजे होतं एवढं बोलले आणि एक लेबल पानाच्या डब्यावर चिकटवून टाकलं. तोच होकार. आता रोज सकाळच्या जीपनं माल हिंगोलीला जातो. मी पिशव्या पुसते, राणी वजन करते आणि तारीख टाकते.

पण एक घोटाळा झाला आहे, आणि तो तुझ्या-माझ्या दोघींच्या ध्यानात आला नाही. तुझ्या वडिलांचं नाव तू घेतेस. आम्ही कसं घेणार?

हरिचंद म्हणाले, रविवारी घरचं कोणी तरी फळीजवळ उभं राहा, गिऱ्हाइकाला नाव सांगा, म्हणजे नाव तोंडी बसेल. आम्ही दोघी गेलो. शेजारीच त्या कंपनीची टोपी घातलेली पोरगी उभी होती, तिचं तोंड क्षणभर मिटत नव्हतं. आमच्याकडे एक बाई आल्या, ही कोणाची भाजी म्हणून विचारलं. मी लेबलावर बोट ठेवलं. त्या म्हणाल्या चष्मा घरी राहिला, वाचून दाखवा. मी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि आमच्या घरची म्हणाले. कोणतं घर, तर बाळापूरचं. बाळापूरचं कोणतं, तर विहिरीजवळचं. बाईंनी कंपनीची मेथी उचलली.

राणी बारावी शिकलेली, धीट. ती म्हणाली, मी घेते नाव, त्यात काय. पुढच्या गिऱ्हाइकासमोर पहिलं अक्षर काढलं आणि तिला असा ठसका लागला की त्या माणसानंच तिला पाणी आणून दिलं. जिभेला वळणच नाही गं. मी आता हे पत्र लिहिते आहे तर त्यातही ते नाव कुठं आलेलं नाही, बघ.

आत्याबाईंचं तर विचारूच नकोस. त्यांना कोणी रामराम घातला तरी त्या नुसते हात जोडतात, रामनवमीला देवाची नवमी म्हणतात. त्यांना आणखी एक काळजी लागली आहे. लोक पिशवी फाडून लेबलासकट घंटागाडीत टाकत असतील, म्हणजे ह्यांचं नाव रोज कचऱ्यात.

हरिचंदांनी काल स्पष्ट सांगितलं की भाजी उजवी आहे पण नावानं मागणारं कोणी नाही. तेव्हा माझं ऐक. नाव बदल. देवाचं ठेव, फुलाचं ठेव, कोणतंही आम्हाला उच्चारता येईल असं ठेव. तुझा मान मी कमी करत नाही, अडचण सांगते.

माझ्याविषयी मनात काही न धरता पूर्वीसारखीच राहा.

तुझी,
निता वहिनी

*

नांदेड
१५ डिसेंबर २०२४

ती. सौ. वहिनींच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी खूप हसले, मग थोडं वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू.

वहिनी, काळ कुठं चालला आहे! आमच्या शेजारची सून सासऱ्यांना नावानं फोन लावते. राणी वहिनींना ठसका काहून लागावा? त्या तर आमच्या वैजूदादाला नुसतं वैजनाथ म्हणून हाक मारतात, मी स्वतः ऐकली आहे. सरळ जमत नसेल तर उखाण्यात घ्या. हवा तर मी रचून पाठवते.

नाव मात्र मी बदलणार नाही. तुम्ही म्हणता मान कमी करत नाही, पण डब्यावर चिकटवलेलं लेबल आबांनी स्वतः खरवडून काढायचं का? आणि नाव गेलं की त्यांचा होकारही गेला समजा. तुमची मेथी पुन्हा म्हशीकडे. बाकी कोणाच्या हातून पुसलं जायचं तर जावो, लेकीच्या हातून बापाचं नाव पुसायला लावू नका.

लागलं असेल तर लहान समजून पोटात घाला, पण पत्राचं उत्तर पाठवा.

आपली,
पुनम

*

॥ श्री नागनाथ प्रसन्न ॥

आखाडा बाळापूर
२६ डिसेंबर २०२४

चि. सौ. पुनम हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मला काही लागलं नाही. तुझं म्हणणं पटलं. बापाचं नाव लेकीला पुसायला सांगणं बरं नव्हतंच. पण उखाणा नवऱ्याचा असतो, सासऱ्याचा उखाणा कोणी ऐकला आहे का? राणीला तुझं वाक्य वाचून दाखवलं, ती म्हणाली नवऱ्याचं नाव रागात येतं, सासऱ्यांवर रागवायची सोय नाही.

तुझे दादा आणि वैजनाथ भाऊजी तुरीच्या काढणीत आहेत. नसते तरी आले नसते, मेथीच्या फळीजवळ उभं राहायची दोघांनाही लाज. संक्रांत तोंडावर आली.

शेवटी आत्याबाईंना राहवलं नाही. काल जेवताना त्या भाकरी वाढता वाढता भिंतीकडं बघून बोलल्या, की घरातल्या बायांची तोंडं एका नावाला बांधलेली, पोरं शेतात, आता ते नाव मोकळेपणी घेणारा घरात एकच माणूस उरला. मामंजी घास थांबवून म्हणाले, हळदवाला माणूस आता मेथी विकंल व्हय? आत्याबाई म्हणाल्या, विकायची न्हाई, नुसतं नाव सांगायचं.

मामंजी ताटावरून उठले. हात धुवायला फार वेळ लावला. आज सकाळी मात्र आत्याबाईंना विचारत होते, इस्त्रीचं धोतर कुठं आहे. बघू. नागनाथाची इच्छा.

तू आम्हाला मनात ठेव म्हणजे आमचं चांगलं होईल.

तुझी,
निता वहिनी

*

॥ श्री नागनाथ प्रसन्न ॥

आखाडा बाळापूर
१३ जानेवारी २०२५, भोगी

चि. सौ. पुनम हिस,
अनेक आशीर्वाद आणि संक्रांतीचा तिळगूळ. वि. वि.

धोतर निघालं तरी मध्ये दोन रविवार कोरडेच गेले. एकदा गुडघा दुखला, एकदा जीपमध्ये जागा नव्हती म्हणाले, आणि जीप निम्मी मोकळी होती. काल शेवटचा रविवार. उद्या संक्रांत. आम्ही भोगीची भाजी वेगळी भरली होती, एकाच पिशवीत वांगी, गाजर, घेवडा, हरभरा, बोरं. ती जीपमध्ये चढवत होतो, तर मामंजी फेटा बांधून पुढच्या सीटवर बसलेले.

दुकानात आल्यावर ते फळीजवळ काठी टेकून उभे राहिले आणि गप्प. आम्ही दोघी मागं. शेजारच्या पोरीच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. एका बाईंनी आमची भोगीची पिशवी उचलली, उलटसुलट केली आणि परत ठेवून कंपनीची घेतली. ते काही मामंजींना सोसलं नाही. त्यांनी काठी आपटली आणि सगळं दुकान वळून बघेल अशा आवाजात स्वतःचं नाव घेतलं, ह्या पिशवीवरचा माणूस मीच, नाव वाचून ठेवता काहून?

बाई आधी दचकल्या, मग हसल्या. बाकीचे लोकही जमले. पिशवीवरचा माणूस पिशवीशेजारी उभा आहे म्हटल्यावर सगळ्यांना मौज वाटली. नाव घेऊन मागायला लागले गं! एक पोरगं तर मामंजींचं नाव घेत पळत सुटलं आणि आईला ओढून घेऊन आलं.

पण लोक पुढं विचारायला लागले. मेथी कडू आहे का, कधी उपटली, फवारणी कशाची. मामंजींना त्यातलं काय माहीत? दोन वर्षांत त्या तुकड्याकडं फिरकले नाहीत. ते मान न वळवता नुसते हं करायचे, आम्ही मागून हळू सांगायचो आणि तेच ते मोठ्यानं पुढं सांगायचे. आज पहाटेच उपटली. विहिरीच्या पाण्यावरची आहे. फवारा कडुनिंबाचा.

असं बराच वेळ चाललं. मग एक म्हातारी म्हणाली, आबा, नाव तुमचं पण उत्तरं मागून येऊन राहिली, मग भाजी नेमकी कोणाची? लोक हसले. मामंजी हसले नाहीत. त्यांनी आमच्याकडं वळून बघितलं. मी पायाच्या अंगठ्याकडं बघत उभी.

दुपारपर्यंत फळी रिकामी झाली. हरिचंद म्हणाले, फळी तुमची, पण रविवारी आबांना पाठवत जा. मामंजी त्यांना म्हणाले, मी कोणाचा नोकर न्हाई. आणि बाहेर येऊन जीपवाल्याला रविवारच्या वेळा विचारल्या.

आज सकाळी बघते तर काठी घेऊन भाजीच्या तुकड्यात उभे. पालक दाट पेरला म्हणून दोघींना रागावले. रागावले तेही बरोबर होतं, दाटच झाला आहे.

मघाशी भोगीच्या ताटावर त्यांनी विषय काढला. हिंगोलीत दुकानासमोर एक पाटी आहे म्हणे, मालकाचं नाव, आणि त्यापुढं ‘आणि मुलं’ असं लिहिलेलं. तसं आपल्या लेबलावर करायला पुनमला सांगा. पण मुलांच्या जागी सुना. तुझे दादा म्हणाले, आमचं काय? मामंजी म्हणाले, तुमाला हळद हाय. आत्याबाई भाकरीला तीळ लावता लावता म्हणाल्या, सासूचं काय? मामंजी म्हणाले, सासू नसती तर मी जीपमध्ये चढलो असतो व्हय? आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला आणि उगीच चुलीतलं लाकूड मागं-पुढं केलं.

तेव्हा पुनम, आता कामाचं. नवीन लेबलं छापू नकोस, अजून गठ्ठा शिल्लक आहे आणि तो वाया घालवणं मला जमणार नाही. नुसती एक बारीक पट्टी छाप, आहे त्याच नावाखाली चिकटवता येईल अशी. एकाच रंगात. या खेपेला माझं ऐक. अक्षर जाड पाहिजे असं मामंजींनी पुन्हा सांगितलं आहे.

वरचं नाव तू ठेवलंस, ते तुझ्या हातचं तसंच राहील. पट्टीवर दोनच शब्द घाल: आणि सुना. राणीनं ते आत्ताच मोरीपाशी उभं राहून मोठ्यानं म्हणून बघितलं. ठसका लागला नाही.

तिळगूळ सोबत पाठवला आहे. तोंडही तसंच ठेव.

तुझी,
निता वहिनी