लिंडनरचं साप्ताहिक

कॉव्हेंट्री,
फेब्रुवारी २००६

प्रिय सुप्रभा,

तू ब्रिस्टलला गेल्यापासून आपल्या मराठी मासिकाचं सगळं एकटीच बघतेय, म्हणून पत्राला उशीर झाला. संजय बरा आहे. आमची सिया युनिव्हर्सिटीत रमलीय. फोनवर मराठीत बोलते, पण 'माझा परीक्षा झाला' म्हणते. मी हल्ली दुरुस्त करत नाही.

मार्चच्या अंकासाठी मी याकोब लिंडनरवर लिहितेय. तू नाव ऐकलं नसशील. दीडएकशे वर्षांपूर्वी हा जर्मन माणूस इथल्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला आला आणि उलट्या अक्षरांवरूनच इंग्रजी शिकला. रिबिनी विणणाऱ्यांचं काम बुडालं, तेव्हा त्यानं त्यांच्यासाठी साप्ताहिक काढलं. लोक त्याच्या उच्चारांना हसायचे, पण पेपर घ्यायचे. पुढे तो इथला नागरिक झाला आणि त्याच विणकरांनी त्याला शहराच्या कौन्सिलवर निवडून दिलं.

इथे थांबता आलं असतं तर लेख सोपा होता. नव्या गटारांचं काम खर्चापायी लांबणीवर पडलं, त्यात लिंडनरचंही मत होतं. नदीकाठच्या वस्तीत टायफॉइड पसरला. त्याच्या पेपरात मात्र त्याविषयी अवाक्षर नाही. मालकाविरुद्ध छापणार कोण? त्याच्याच छापखान्यातल्या कामगाराची बायको टायफॉइडनं गेली, तेव्हा तो भानावर आला. पेपर त्यानं आपल्या जिवलग मित्राच्या, टॉमस हार्डविकच्या हवाली केला आणि सांगितलं, "जे खरं असेल ते छाप." हार्डविकनं पहिल्याच अंकात लिंडनरचं नाव घेऊन लिहिलं. गटारं झाली. लिंडनर पुढची निवडणूक हरला आणि मरेपर्यंत हार्डविकशी एक शब्द बोलला नाही.

संजय म्हणाला, "मित्रानंच कशाला लिहायचं? दुसरं कुणी नव्हतं?" मी म्हटलं, दुसऱ्यानं लिहिलं असतं तर लोकांनी ते राजकारण म्हणून सोडून दिलं असतं. त्यानं टीव्ही लावला.

मे महिन्यात कौन्सिलच्या निवडणुकीला मी उभी राहतेय. काल होकार कळवला. तेव्हा मासिक आता तू घे, ब्रिस्टलहूनही निघेल. निवडून आले आणि माझ्याविरुद्ध लिहायची वेळ आली, तर हात आखडू नकोस. मला राग येणार नाही असं म्हणवत नाही. येईलच. पण तुझा फोन आला की मी उचलीन, एवढं आजच लिहून ठेवते.

तुझीच,
ऋजुता