पुढच्याने धरेपर्यंत

सोमवार, ४ मार्च
सकाळी आठला कामावर रुजू झालो. खाली शिंप्याचं दुकान, वर दोन खोल्या. एक मला राहायला, दुसरीत शिंप्याची आई. तिला सगळे माई म्हणतात. खोलीला मोठी खिडकी आहे, ऊन येतं, खालून मशीनचा आवाज येत राहतो. काम सोपं. आठ ते दोन माईंचा हात धरून बसायचं. दोनला सिस्टर येते, तिच्यानंतर शिंपी स्वतः. पुढच्याने हात धरल्याशिवाय आधीच्याने सोडायचा नाही, एवढा एकच नियम. हात धरलेला असेपर्यंत आईला काही होत नाही, असं शिंपी म्हणाला. सिस्टर म्हणाली, भाऊ, इथे मरायलासुद्धा रजा मिळत नाही. बऱ्याच दिवसांनी मी हसलो.

मुलगी गेल्यापासून घरात बसवत नव्हतं. इथे कुणी जाणार नाही. बरं वाटलं.

बुधवार, ६ मार्च
डावा हात माईंच्या हातात, उजव्याने लिहितो आहे. माई अकरा वर्षं अंथरुणावर आहेत. डॉक्टरांनी येणं केव्हाच बंद केलं. काल दोन वाजता सिस्टरबरोबर चादर बदलली तेव्हा त्यांची पाठ पाहिली. पाठ म्हणावी असं काही उरलेलं नाही, मणके दिसतात. हात मात्र मऊ आणि गरम.

अकरा वर्षांत डोळ्याला डोळा लागलेला नाही, असं त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, सोड रे बाळा. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुखण्यात माणूस काहीही बोलतं. जिवंत आहेत, हे काय थोडं आहे? मुलीच्या वेळी मी फोन घ्यायला बाहेर गेलो होतो. दोन मिनिटं. धरून बसलो असतो तर —

सोमवार, ११ मार्च
सिस्टरने आज सांगितलं. तीन वर्षांपूर्वी तिला डुलकी लागली आणि हात सुटला. माई तासभर गेलेल्या होत्या, कोपरापर्यंत गार. शिंप्याने धावत येऊन त्यांचं बोट धरलं आणि त्या परत आल्या. चार दिवस नुसत्या रडत होत्या. मग म्हणाल्या, किती छान झोप लागली होती.

मी विचारलं, मग तुम्ही सोडत का नाही? ती म्हणाली, त्यांच्या पोराच्या तोंडाकडे बघितलं की होत नाही हो.

गुरुवार, १४ मार्च
माईंचा जबडा निखळला. फडक्याने बांधला. आता बोलता येत नाही. बोटाने माझ्या तळव्यावर लिहितात. सोड. दिवसभर तेच. सोड.

शिंप्याला सांगितलं. तो मान खाली घालून काजं करत होता. म्हणाला, भाऊ, तुमची मुलगी अशी परत मिळाली असती तर नको म्हणाला असता?



शनिवार, १६ मार्च
मुलीला या पलंगावर ठेवून पाहिलं. मनात. तिची पाठ. तिचा जबडा. तिचं बोट माझ्या तळव्यावर.

नको म्हणालो असतो.

सोमवार, १८ मार्च
दहा वाजून पाच मिनिटं. आतून कडी लावली. हात सोडला. माईंनी आपणहून डोळे मिटले.

अकरा. बोटं गार. किती वेळ थांबायचं, कुणालाच माहीत नाही. मागे तासाने परत आल्या होत्या. म्हणजे तास पुरत नाही. संध्याकाळपर्यंत दार उघडायचं नाही. मीही त्यांच्या हाताला शिवायचं नाही.

दोन. सिस्टर दार वाजवते आहे. मग शिंपी. तो ओरडत नाही. भाऊ, नुसतं एक बोट धरू द्या म्हणतो. एकदाच. मुलगी गेली तेव्हाचे माझ्याच तोंडचे शब्द —

टेबल ओढून दाराला लावलं. पलंगाला धक्का बसला.

शिंपी बिजागऱ्यांचे स्क्रू काढतो आहे. सिस्टर फटीतून हळूच म्हणाली, उघडू नका.

एक बिजागरी सुटली. अजून दोन. माईंचा चेहरा शांत. असा कधी पाहिला नव्हता. फक्त हात तेवढा बाहेर आलाय, लोंबतोय. असा लोंबला की त्यांच्या खांद्यातून कळ जाते, रोज मीच नीट ठेवतो. दुखेल. उचलून छातीवर ठेवतो, चादर सारखी करतो आणि —